विंड डिफ्लेक्टरच्या नावाखाली २७,५०० रुपये गेले, कन्व्हर्टिबलवाल्यांनी हे वाचाच

सहा आठवडे झाले तरी आठवलं की डोकं तापतं. लिहू की नको असं खूप दिवस चाललं होतं, एवढी गाडी घेतली आणि एका जाळीसाठी फसला असं लोक म्हणणार हे माहिती होतं, पण परवा कळलं की मला फसवणारा माणूस तेच फोटो दाखवून अजून विकतोय, मग राहवलं नाही.

माझी गाडी सेकंडहँड बीएमडब्ल्यू थ्री सिरीज कन्व्हर्टिबल, ई९३, म्हणजे २००७ पासून आलेली, पत्र्याचं छत घडी होणारी. विंड डिफ्लेक्टर म्हणजे वारा अडवायला पुढच्या सीटमागे लावायची जाळीची फ्रेम. माझ्या डिफ्लेक्टरची जाळी फाटली होती आणि एका बाजूची स्प्रिंगची पिन तुटली होती. ही हौस नाहीये हो. छत उघडलं की वारा काचेवरून मागे जातो आणि मागच्या सीटवरून उलटा फिरून थेट मानेवर येतो, तासभर गाडी चालवली की मान धरते आणि शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं.

हा भेटला ऑनलाइनच. जुना द्या, वर पैसे द्या, रिपेअर केलेला ओरिजिनल देतो आणि घरी येऊन बसवून देतो. पुढचं तुम्हाला माहितीच आहे, अजून दोन गिऱ्हाइकं थांबलीत, आजच्या आज टोकन टाका वगैरे. त्याच संध्याकाळी ९,५०० पाठवले.

आता जिथे माझं चुकलं ते सांगतो. त्याने चार फोटो पाठवले होते. फ्रेमवर पार्ट नंबरचं स्टिकर असतं, आणि चारपैकी ज्या एका फोटोत ते दिसत होतं त्यात त्याचा अंगठा बरोब्बर नंबरावर होता. अंगठ्याच्या दोन्ही बाजूंना स्टिकरची पांढरी कड दिसतेय, नखाखाली काळं ग्रीस अडकलेलं दिसतंय, सगळं दिसतंय, फक्त नंबर नाही. मी विचारलंसुद्धा! तो म्हणाला, साहेब स्टिकर फाटलंय, वाचता येत नाही. आणि मी "ओके" लिहिलं. तो ओके अजून चॅटमध्ये आहे, रोज बघतो. अरे फाटलं असेल तर फाटलेलं दाखव ना, झाकतोस कशाला, एवढं साधं मला सुचलं नाही. पण ऑफिसात क्लोजिंग चालू होतं, फोन जेवता जेवता बघितला, आणि माणूस पिना, लॉक, जाळीचं टेन्शन असं सगळं नीट बोलत होता, माहितगार वाटत होता. तुम्हीही फसला असता.

तो पार्ट ई४६ चा होता, म्हणजे आधीच्या, कापडी छताच्या थ्री सिरीजचा. नाव तेच, गाडी वेगळी, डिफ्लेक्टर एकमेकांना बसत नाहीत. बीएमडब्ल्यूचा पार्ट नंबर अकरा आकडी असतो, शेवटचे सात आकडे मिळाले तरी पुरतं, आणि पार्ट कॅटलॉगमध्ये तुमच्या व्हीआयएनची, म्हणजे चॅसी नंबरची, शेवटची सात अक्षरं टाकली की तो तुमच्या गाडीचा आहे की नाही ते कळतं. नंबर दिसल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

आला तेव्हा दोन्ही बाजूंना बोटभर फट. म्हणाला, ब्रॅकेट टाकावं लागेल, सगळ्यांना टाकतो. पहिले १२,००० घेतले आणि मग ड्रिल काढलं. ड्रिल! डिफ्लेक्टरच्या पिना बाजूच्या पॅनलमधल्या खाचांत खटकन बसतात, हत्यार लागतच नाही. कोणी ड्रिल काढलं तर तिथेच हात धरा. मी पाणी आणायला आत गेलो तेवढ्यात दोन भोकं पडली होती. फिटिंगचे २,२०० वेगळे.

नवव्या दिवशी हायवेला ऐंशीच्या स्पीडला डाव्या बाजूचा स्क्रू निघाला आणि फ्रेम बायकोच्या सीटमागे आदळली. नशीब मागे मुलगा नव्हता, म्हणजे डिफ्लेक्टर लावला की मागे कोणी बसूच शकत नाही, पण तरी. त्याला बोलावलं तर "मजबुतीचे" ३,८०० घेऊन ग्लू भरून गेला. तिसऱ्या दिवशी तेही सुटलं आणि त्यानंतर फोन बंद. माझा जुना डिफ्लेक्टरही त्याच्याकडेच. दोन्ही पॅनलचं कोटेशन आलंय ४१,६००.

पोलिसांकडे तीनदा गेलो. पहिल्यांदा साहेब राउंडला, दुसऱ्यांदा "हा सिव्हिल मॅटर आहे, वस्तू तर मिळालीय ना", तिसऱ्यांदा एकाने गाडीची किंमत विचारली आणि हसला. अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर उद्या या. गाडी महाग म्हणून माझे पैसे पैसे नाहीत का? हप्ता मी भरतो, टॅक्स मी भरतो, आणि तिथे उभा मीच गुन्हेगारासारखा! बँक म्हणते पेमेंटचा पिन तुम्ही स्वतः टाकलात. खरंय, टाकला. पण ज्या खात्यात गेले ते खातं तर चालूच आहे ना, ते कोण बघणार?

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन मी अकराव्या दिवशी केला, तोवर खातं रिकामं. तुम्ही संशय आला त्याच तासाला करा. ग्राहक आयोगात २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे. चॅट, पेमेंटचे स्क्रीनशॉट आणि भोकांचे फोटो जोडून माझी तक्रार मंगळवारी टाकलीय.

नखाखाली ग्रीस असलेल्या अंगठ्याचा तो फोटो तुम्हालाही आला असेल तर चॅट डिलीट करू नका, मला मेसेज करा. दुसरा कोणी तक्रारदार मिळाला तर वकील म्हणतात केस उभी राहील.