लक्झरी दिसणारं स्वस्त घड्याळ : काही महिने रोज वापरल्यावर

ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या जातीचे ब्रँड ढिगाने आहेत आणि आतला माल बऱ्याचदा एकसारखाच असतो. माझं घड्याळ म्हणजे अष्टकोनी बेझल (काचेभोवतीचं कडं), त्यावर आठ स्क्रू, चौकटीच्या नक्षीची निळी डायल आणि घड्याळाच्या डबीतूनच पुढे निघालेला स्टीलचा पट्टा. घड्याळांचा डिझायनर जेराल्ड जेंटाने 1972 च्या रॉयल ओक या ऑडेमार्स पिगेच्या महागड्या स्विस घड्याळासाठी काढलेल्या डिझाइनवरून सरळ उचललेलं. लांबून फसायला होतं, हे मान्य. खोडलेली जुनी किंमत आणि बारमाही चालणारी सूट मात्र हिशेबातच धरू नका.

वेळेबाबत तक्रार शून्य. सेल लवकर संपला (बहुधा गोदामात पडून होता), म्हणून मागचं झाकण उघडून घेतलं. आत अंगठ्याच्या नखाहून थोडी मोठी मियोटाची क्वार्ट्झ मशीन, आणि तिच्याभोवती उरलेली सगळी जागा भरणारं पांढरं प्लॅस्टिकचं कडं! हसू आलं, पण मशीन भरवशाची आहे. मियोटा म्हणजे सिटिझनचीच. सेकंदाला 32,768 वेळा कंप पावणारा क्वार्ट्झचा स्फटिक महागड्या क्वार्ट्झ घड्याळांतही असतो. महिन्याला पंधरा-वीस सेकंद इकडेतिकडे, एवढाच फरक पडतो.

रडगाणं पट्ट्याचं आहे. कड्या भरीव नाहीत, पत्रा दुमडून केल्यात. मनगट हलवलं की खुळखुळतात आणि हातावरचे केस ओढतात. दोन कड्यांमधली पिन एकदा बाहेर सरकली, नशीब घड्याळ हातातच राहिलं. अशा घड्याळाला बाजारातला साधा पट्टा बसत नाही, कारण जोडाची जागाच वेगळ्या आकाराची. म्हणजे पट्टा गेला की चालू मशीनसकट घड्याळ ड्रॉवरमध्ये. मला वाटतं, ज्या डिझाइनसाठी लोक हे घेतात तेच त्याचं आयुष्य कमी करतं.

काचेवर 'सफायर कोटेड' लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. ती मिनरल काचच, वर पातळ थर. खरं सफायर कठीणपणाच्या मोह्ज मापावर 9, वाळूतलं क्वार्ट्झ 7 आणि साधी काच त्याहून खाली. त्यामुळे धुळीने भरलेल्या टेबलावर घासली तरी ओरखडा उठतो. माझ्या काचेवर चारच्या आकड्याजवळ एक आहे, उन्हात लख्ख दिसतो.

भावाने याचंच सोनेरी मॉडेल घेतलं. क्लॅस्पच्या (पट्ट्याच्या खटक्याच्या) कडेला, लिहिताना टेबलाला टेकतं तिथे, मुलामा उडून खालचं पांढुरकं स्टील दिसायला लागलंय. माझ्या स्टीलच्या रंगावर चरे आहेत, पण ते चरे म्हणूनच दिसतात.

पाण्यापासून बचावाचं माप 3 एटीएम लिहिलंय, म्हणजे पावसाचे शिंतोडे आणि हात धुणं. पोहायला नाही, मागे 30 मीटर कोरलेलं असलं तरी.

मग घ्यावं का? कधीतरी समारंभाला घालायला, स्टीलच्याच रंगात, खुशाल घ्या. रोजच्या वापराला याच पैशात कॅसिओ किंवा सिटिझनचं साधं, सरळ पट्ट्याचं घड्याळ बघा. तरीही हेच मनात भरलं असेल, तर मुख्य डायलच्या आत छोट्या डायल असलेल्या मॉडेलमध्ये त्या छोट्या डायलचे काटे खरोखर फिरतात का, ते आधी विचारा. कित्येकदा नुसते चिकटवलेले असतात. आणि पट्टा लहान करताना काढलेल्या कड्या, पिना टाकून देऊ नका. सुट्या कुठेच मिळत नाहीत.