सणांप्रमाणे की ऋतूंप्रमाणे? प्राथमिक वर्गांच्या कला-कार्यानुभवाच्या नियोजनाचा तुलनात्मक आढावा

पहिली ते चौथीच्या कला-कार्यानुभवाचे वार्षिक नियोजन करताना शिक्षकापुढे साधारणपणे दोन वाटा असतात. एक सणांची, म्हणजे पोळ्याला मातीचे बैल, दिवाळीला आकाशकंदील, नाताळला चांदणी, ईदला शुभेच्छापत्र. दुसरी ऋतूंची, म्हणजे पावसाळ्यात पानांचे ठसे, हिवाळ्यात शेकोटीचे चित्र, फाल्गुनात पळसफुलांचा रंग. दोन्हींची तुलना करताना मी एक कसोटी सर्वांत वरची मानते: तासिकेच्या शेवटी हातात आलेली वस्तू वर्गातील प्रत्येक मूल घरी नेऊन आनंदाने लावू शकते का?

सणांच्या वाटेचे बळ मोठे आहे. सामान घरातून येते, आई-आजीची मदत होते आणि मुलांना काम सुरू करण्याची घाई असते. पोळ्याच्या आठवड्यात शेतकऱ्याच्या घरचे मूल बैलाचे वशिंड आणि शिंगांची ठेवण ज्या नेमकेपणाने मातीत उतरवते, ते कोणत्याही पुस्तकातून शिकवता येत नाही. अडचण आहे ती वेळापत्रकाची. शाळा सुरू झाल्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत नागपंचमी, राखी, दहीहंडी, पोळा, गणपती, नवरात्र असे हिंदू सण रांगेने येतात. बुद्धपौर्णिमा वैशाखात, म्हणजे बहुतेक वेळा उन्हाळ्याच्या सुट्टीत पडते. रमजान ईद चांद्र वर्षामुळे दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकते, त्यामुळे ती काही वर्षे सुट्टीत तर काही वर्षे परीक्षांच्या धांदलीत येते. शिक्षकाच्या मनात कसलाही दुजाभाव नसला, तरी नियोजन केवळ सणांच्या यादीवर सोडले की काही मुलांच्या घरचा सण वर्षभरात एकदाही वर्गात येत नाही.

एका वर्षी माझ्या चौथीच्या वर्गाने दोन तासिका खपून आकाशकंदील केले. सुट्टी लागण्याच्या दिवशी वर्ग आवरताना एक कंदील बाकाखाली नीट घडी घालून ठेवलेला दिसला. कागद कुठे फाटलेला नव्हता, शेपट्याही सरळ कापलेल्या होत्या. विचारल्यावर तो मुलगा म्हणाला, “बाई, आमच्याकडे लावत नाहीत.” त्याने काम मन लावून केले होते, पण ते ठेवायला त्याच्याजवळ जागा नव्हती. समावेशक नियोजनाचा प्रश्न मला तेव्हा खऱ्या अर्थाने कळला.

ऋतूंची वाट या बाबतीत निर्धोक वाटते, कारण पाऊस सर्वांच्याच छपरावर पडतो. खर्चही नगण्य असतो: भेंडीचा काप, पिंपळाचे पान, गेरू, कोळसा. मात्र या वाटेवर दोन खड्डे आहेत. इंटरनेटवरून उतरवलेल्या नमुन्यांमध्ये हिवाळा म्हणजे बर्फाचा माणूस असतो, आणि लातूर-परभणीकडची मुले कापसाचे बोळे चिकटवून कधीही न पाहिलेला बर्फ तयार करतात. त्यांचा खरा हिवाळा हुरडा, तुरीच्या शेंगा आणि ज्वारीवर उतरणारी पाखरे हा असतो. दुसरा खड्डा अबोलपणाचा आहे. ईदनंतर हातावरची मेंदी दाखवायला आलेल्या मुलीला “आज आपण पानेच काढू” असे सांगणे, हेही तिला वगळणेच आहे.

वारली चित्रांकडे अनेक शिक्षक सर्वांना चालणारा तिसरा पर्याय म्हणून पाहतात. गेरूच्या रंगावर पांढऱ्या त्रिकोणांची माणसे लहान मुलांना सहज जमतात, हे खरे आहे; परंतु लग्नात भिंतीवर रेखाटला जाणारा चौक आणि त्यातील पालघाट देवी हा वारली समाजाच्या श्रद्धेचा भाग आहे. तो नक्षी म्हणून गिरवून घेण्याऐवजी तारपा या फुंकवाद्याच्या तालावरचा नाच, शेती, झाडे असे विषय घ्यावेत आणि ही कला डहाणू-तलासरी-जव्हार परिसरातील कोणाची आहे, हे नावानिशी सांगावे.

शासनाच्या पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असे राज्यघटनेचे कलम २८ सांगते. सणाची ओळख करून देणे म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे. पण वर्गात घडवलेल्या मूर्तीची आरती सर्वांकडून म्हणवून घेणे मला त्या मर्यादेपलीकडचे वाटते.

मिश्र वस्तीतील वर्गासाठी माझा कौल ऋतूंच्या चौकटीला आहे, मात्र त्या चौकटीत सण मुलांच्या निवडीने आले पाहिजेत. लहान गावात पोळ्याचे बैल जरूर ठेवावेत, कारण तेथे बैल हा सणाइतकाच रोजच्या कामाचा विषय आहे. ऊसतोड कामगारांची मुले वर्गात असतील, तर मोठे उपक्रम त्यांचे स्थलांतर होण्यापूर्वीच उरकावेत. एरवी सर्वांत समावेशक आराखड्यातूनही तीच मुले गळतात. जूनमध्येच प्रत्येक मुलाला “तुमच्या घरी वर्षभरात हाताने काय काय बनवतात?” असे विचारून उत्तरे वहीत टिपावीत.

त्या अनुभवानंतर मी दिवाळीपूर्वीच्या तासिकेचा विषय ‘आकाशकंदील’ऐवजी ‘उजेड अडवणारा आणि उजेड सोडणारा कागद’ असा ठेवते. कामट्यांचा सांगाडा, दोरा, पतंगाचा कागद, खळ हे सामान तेच असते. कोणी कंदील करते, कोणी नाताळची चांदणी. मागच्या खेपेस एकाने मासा केला आणि एकीने लाल एसटी. आठवडाभर सगळे दिवे वर्गातच टांगून मग घरी पाठवले. कामट्या मात्र आदल्या दिवशी पाण्यात भिजत घालाव्यात; कोरड्या कामट्या वाकवताना मोडतात आणि लहान बोटांत कुसळ जाते.