टक्कल: औषध, ट्रान्सप्लांट की दोन्ही?

कपाळाचे कोपरे मागे सरकू लागले किंवा भोवऱ्यापाशी टाळू चमकू लागली, की प्रश्न पडतो: रोज औषध लावत बसायचं, की एकदाच पैसे भरून केस लावून घ्यायचे? प्रश्न असा मांडला की तिथेच चूक होते. औषध आहेत ते केस टिकवतं. शस्त्रक्रिया मागचे केस उचलून पुढे लावते. ती नवा एकही केस तयार करत नाही आणि गळतीही थांबवत नाही. दोन्हींची कामं वेगळी आहेत, म्हणून ‘कोणतं चांगलं’ यापेक्षा ‘आधी कोणतं’ हे ठरवणं महत्त्वाचं.

आधी गळती कोणती ते ओळखा

पुढची बरीचशी तुलना पुरुषांच्या आनुवंशिक टकलाची आहे. पण सगळीच गळती तशी नसते. डेंगी, टायफॉइड, बाळंतपण, मोठं ऑपरेशन किंवा उपाशी राहून झटपट घटवलेलं वजन, यानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठ-मूठ केस हातात येतात. मूळ कारण गेलं की ही गळती साधारण सहा महिन्यांत आपोआप आवरते. याच काळात कुणी महागडं पॅकेज घेतलं, तर श्रेय पॅकेजला मिळतं.

चाई पडली असेल, म्हणजे गोल, गुळगुळीत चट्टा असेल, तर तो शरीराच्या प्रतिकारशक्तीचा घोळ असतो. तिथे लावलेले नवे केसही ती प्रतिकारशक्ती पाडू शकते. टाळूला जळजळ, खाज, लालसरपणा असेल आणि त्वचा चकचकीत होऊन केसांची छिद्रंच बुजत असतील, तर आधी बायोप्सी करावी लागते. असा आजार धगधगत असताना ट्रान्सप्लांट करणं म्हणजे ग्राफ्ट (लावण्यासाठी काढलेले मुळांसकट केसांचे पुंजके) वाया घालवणं. हेल्मेट आणि बोअरचं पाणी यांच्यावर मात्र उगाच आळ येतो. जड पाण्याने केस राठ होऊन मधेच तुटतात, मुळापासून जात नाहीत.

औषधांची बाजू

मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा तिचं लोशन निघालं. अमेरिकेत २ टक्क्यांच्या लोशनला १९८८ मध्ये मान्यता मिळाली. आज पुरुषांसाठी ५ टक्के नेहमीचं. मात्रा १ मिली, दिवसातून दोनदा, कोरड्या टाळूवर. चुकतं ते इथेच. लोक ते केसांना लावतात, तेल चोपडलेल्या डोक्यावर लावतात, किंवा लावून तासाभरात डोकं धुतात. भांग पाडत थेट कातडीवर थेंब सोडा, बोटाने पसरवा, हात धुवा आणि किमान चार तास डोकं कोरडं ठेवा.

दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात गळती वाढते. विश्रांतीतले जुने केस खालून येणाऱ्या नव्या केसांनी ढकलले जातात, म्हणून. नेमक्या याच वेळी घाबरून बरेच लोक बाटली फेकतात. निकाल सहा महिन्यांआधी लावू नये. काहींना तरीही फरक पडत नाही, कारण हे औषध सक्रिय करणारं सल्फोट्रान्सफरेज हे विकर (एन्झाइम) त्यांच्या टाळूत कमी असतं. खाज सुटली तर दोष बहुधा लोशनमधल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलचा असतो. फोम वापरून पाहावा. आणि घरात मांजर असेल तर जपा. हे औषध मांजरांना विषारी आहे, उशीच्या अभ्र्यावर लागलेलंही.

फिनास्टेराइडचं काम आतून चालतं. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकापासून डीएचटी हे दुसरं संप्रेरक बनतं आणि डीएचटीमुळे पुढची-वरची मुळं बारीक होत जातात. १ मिलीग्रॅमची रोजची गोळी हे रूपांतर अडवते. मूळ चाचण्यांत दोन वर्षांनी गोळी घेणाऱ्या ८३ टक्के पुरुषांच्या केसांची संख्या टिकली, तुलनेसाठी नुसती साखरेची, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत २८ टक्क्यांची. लैंगिक तक्रारी गोळीवाल्यांत ३.८ टक्के, साखरेच्या गोळीवाल्यांत २.१ टक्के. म्हणजे धोका आहे, पण ऐकीव गप्पांइतका नाही. काहींच्या तक्रारी गोळी बंद केल्यावरही राहिल्याच्या नोंदी आहेत, आणि २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम म्हणून मान्य केला. पूर्वी नैराश्य येऊन गेलं असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा. मन उदास वाटू लागलं तर गोळी थांबवून लगेच दाखवा.

आणखी दोन गोष्टी. ही गोळी रक्तातला पीएसए (प्रोस्टेटच्या आजारासाठी तपासतात तो घटक) साधारण निम्मा दाखवते, त्यामुळे प्रोस्टेटची तपासणी करताना डॉक्टरांना ती सांगावीच. आणि पैसे वाचवायला ५ मिलीग्रॅमची गोळी घरी चार तुकडे करून घेतात. घरात कुणी गरोदर असेल तर ते टाळा. तुटलेल्या गोळीची भुकटी पोटातल्या मुलग्याच्या बाह्य जननेंद्रियांच्या वाढीला घातक ठरू शकते.

दोन्ही औषधांची खरी अडचण एकच: सोडली की कमावलेलं जातं. मिनॉक्सिडिलचं तीन ते सहा महिन्यांत, फिनास्टेराइडचं वर्षभरात.

पीआरपी म्हणजे आपलंच १५-२० मिली रक्त फिरवून त्यातला प्लेटलेट्सचा भाग टाळूत टोचणं. महिन्याच्या अंतराने तीन-चार वेळा, मग दर सहा महिन्यांनी. काहींना उपयोग होतो, पण प्रत्येक दवाखान्याची पद्धत वेगळी असल्याने खात्री देणं कठीण. औषधाला जोड म्हणून ठीक, औषधाऐवजी नको. बायोटिनच्या गोळ्या कमतरता नसेल तर निरुपयोगी, शिवाय थायरॉइडच्या रक्तचाचण्या बिघडवतात.

शस्त्रक्रियेची बाजू: आडात किती आहे?

डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातल्या मुळांवर डीएचटीचा परिणाम जवळजवळ होत नाही, आणि ती पुढे नेऊन लावली तरी त्यांचा गुण टिकतो. न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ऑरेंट्राइक यांनी १९५९ मध्ये हे प्रसिद्ध केलं. आजचं सगळं ट्रान्सप्लांट त्यावर उभं आहे.

पण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मागचा सुरक्षित पट्टा समजा १६० चौरस सेंटिमीटर आहे आणि दर चौरस सेंटिमीटरला ७५ ग्राफ्ट आहेत (एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस, सरासरी दोन). एकूण १२,०००. त्यातले निम्मेच काढता येतात; जास्त काढले तर मागचं डोकं वाळवी लागल्यासारखं दिसतं. म्हणजे आयुष्यभराची शिल्लक ६,००० च्या आसपास. आता खर्च. पुढचा भाग ६० चौरस सेंटिमीटर, तिथे ३५ च्या दाटीने २,१०० ग्राफ्ट. डोकं वरून पूर्ण रिकामं असेल, तर २०० चौरस सेंटिमीटरला ७,००० लागतील. ते नसतातच. म्हणून बावीस-तेविशीत पोरसवदा, खाली उतरलेली केसरेषा मागणाऱ्याला चांगला सर्जन नकार देतो. आज तिथे २,५०० ग्राफ्ट घातले आणि चाळिशीपर्यंत मागचे मूळचे केस गेले, तर पुढे झालर आणि मधे मैदान उरतं.

मुळं काढण्याच्या पद्धती दोन. एफयूटीमध्ये मागून कातडीची पट्टी कापून टाके घालतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ग्राफ्ट सुटे करतात. मुळं कमी तुटतात, डोकं भादरावं लागत नाही. पण आडवा व्रण राहतो आणि केस बारीक कापले की दिसतो. एफयूईमध्ये ०.८ ते १ मिलीमीटरच्या पंचने एकेक ग्राफ्ट काढतात. टाके नाहीत, बरं लवकर होतं. पण ‘व्रण राहत नाही’ ही जाहिरात खोटी. हजारो पांढरे ठिपके राहतात, केस दाट आणि थोडे लांब असले तर झाकले जातात एवढंच. एफयूईमध्ये हात बसलेला नसेल तर पंचखाली मुळं कापली जातात.

शस्त्रक्रियेला सहा-आठ तास लागतात. त्याआधी रक्तगट, साखर, एचआयव्ही, हिपॅटायटीस बी-सी आणि ईसीजी. भूल जागेवरचीच, लिग्नोकेन आणि अॅड्रेनलिन; तिची मर्यादा वजनावर ठरते, किलोमागे ७ मिलीग्रॅम. एकाच दिवसात ५,००० ग्राफ्टचं वचन देणारे ही मर्यादा कशी पाळतात ते विचारा. शरीराबाहेर ग्राफ्ट थंड आणि ओले ठेवावे लागतात; जितका वेळ बाहेर, तितके जास्त मरतात.

नंतरचे तीन-चार दिवस सूज कपाळावरून डोळ्यांवर उतरते. डोकं उंच ठेवून झोपल्याने कमी होते. खपल्या दहा दिवसांत जातात. त्यांना नखं लावू नयेत, हेल्मेटही दोन आठवडे नको, कारण घासलं की ग्राफ्ट निघू शकतो. दोन ते सहा आठवड्यांत लावलेले केस गळून पडतात. हे अपेक्षित असतं, मूळ आत राहतं. चौथ्या महिन्यापासून नवे दिसू लागतात, खरा निकाल बारा महिन्यांनी, भोवऱ्याचा अठरा महिन्यांनी. सिगारेट ओढणाऱ्यांच्या टाळूत रक्तपुरवठा कमी असतो. तिथे फार दाट लावलं तर कातडी काळी पडून मरू शकते.

खर्च शेजारी शेजारी

हिशेबासाठी सोपे आकडे धरू. गोळी रोज १० रुपये आणि मिनॉक्सिडिलची ६० मिलीची बाटली महिन्याला ६०० रुपये: वर्षाला सुमारे ११,००० रुपये, दहा वर्षांत १ लाख १० हजार. ट्रान्सप्लांट २,५०० ग्राफ्ट, ४० रुपये दराने १ लाख. त्यावर १८ टक्के जीएसटी, कारण केस लावणं ही आरोग्यसेवेच्या करसवलतीत बसत नाही. एकूण १ लाख १८ हजार. मेडिक्लेम मिळत नाही.

आकडे सारखेच दिसतात आणि माणूस म्हणतो, मग एकदाच करून टाकू. पण मूळचे केस वाचवायला ट्रान्सप्लांटनंतरही औषध लागतंच. म्हणजे त्या पर्यायाचा खरा खर्च दोन्हींची बेरीज, २ लाख २८ हजार.

कुणी काय निवडावं

पंचविशीच्या आत, गळती जोरात: फक्त औषध, वर्षभर, दर तीन महिन्यांनी त्याच उजेडात फोटो. तिशी-चाळिशी, कोपरे रिकामे पण वर्षभर औषधाने गळती स्थिर: ट्रान्सप्लांटचा सर्वांत चांगला उमेदवार. पन्नाशीपुढे, मागे दाट केस: शस्त्रक्रिया चालेल, पण मधुमेह आणि रक्तदाब आटोक्यात हवेत. डोकं पूर्ण रिकामं आणि मागेही विरळ: शस्त्रक्रिया नको. तिथे हेअर पॅच (डोक्यावर चिकटवायचा किंवा क्लिपने बसवायचा केसांचा तुकडा) प्रामाणिक पर्याय आहे, फक्त दर तीन-चार आठवड्यांनी उतरवून साफ करावा लागतो, कोकणातल्या दमट हवेत गोंद लवकर सुटतो आणि क्लिपने ओढ बसून कडेचे उरलेले केस जातात.

स्त्रियांत भांग रुंदावतो, केसरेषा मात्र बहुधा टिकते. आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), पाळी अनियमित असेल तर पीसीओएस या संप्रेरकांच्या विकाराची तपासणी, मग मिनॉक्सिडिल. विरळपणा बऱ्याचदा मागच्या पट्ट्यापर्यंत पोचलेला असल्याने ट्रान्सप्लांट थोड्याच जणींना लागू पडतं. मूल होण्याच्या वयात फिनास्टेराइड नको.

टोकन देण्याआधी

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे की ही शस्त्रक्रिया प्रशिक्षित डॉक्टरांनीच करावी. कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून शिकणं हे प्रशिक्षण नव्हे. म्हणून विचारा: चिरा कोण देणार, ग्राफ्ट कोण काढणार, डॉक्टर पूर्ण वेळ खोलीत असतील का, अॅलर्जीचा झटका आला तर ऑक्सिजन आणि अॅड्रेनलिन जागेवर आहे का. दर ग्राफ्टचा आहे की केसाचा, हे कागदावर घ्या. ‘५,००० केस’ म्हणजे सुमारे २,५०० ग्राफ्टच असतात. काढलेले ग्राफ्ट एक-केसी, दोन-केसी असे मोजून लिहून देणार का, तेही विचारा. ‘आजच बुक केलं तर सूट’ असं ऐकू आलं, तर सल्ल्याची फी देऊन घरी या आणि दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञाला टाळू दाखवा.