सक्शन की प्रेशर पॉट? ब्लास्टिंग कॅबिनेट घेताना आधी कॉम्प्रेसर बघा

ब्लास्टिंग कॅबिनेट म्हणजे हवेच्या जोरावर ग्रिट, म्हणजे खरखरीत दाणे, मारून जॉब साफ करायची बंद पेटी. सक्शन आणि प्रेशर, बाहेरून दोन्ही सारखीच: समोर काच, दोन लांब हातमोजे, खाली पेडल. सक्शनमध्ये हवेचा झोत गनमधून जाताना हॉपरमधलं, म्हणजे खालच्या नरसाळ्यातलं, ग्रिट ओढून घेतो. प्रेशरमध्ये ग्रिट बंद पॉटमध्ये दाबाखाली असतं आणि होजमध्येच वेग घेतं. त्यामुळे जाड गंज, कास्टिंगवरचं स्केल (कडक पापडी), जुनं पावडर कोटिंग यांवर प्रेशर मशीन तीन-चार पट लवकर काम उरकतं.

हे ऐकूनच मी भुललो होतो. कॉम्प्रेसर 10 एचपीचा आणि नोझलचं भोक दोन सुती, म्हणजे पाव इंची. पेडल सोडलेलं असताना दाबाचा काटा सात किलोवर (चौरस सेंटीमीटरला), दाबलं की मिनिटभरात तीनवर. जॉबवर ग्रिट नुसतं सांडायचं. साडेपाच किलोला दोन सुती नोझल सुमारे 70 सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा खातं, दीड सुती 38, एक सुती 17. एक एचपीमागे हवा मिळते जेमतेम चार सीएफएम. आता तुम्हीच गुणाकार करा. एक सुती लावून भागतं, पण पट्टा बोटाएवढा पडतो आणि जाड ग्रिट अडकतं. शिवाय नोझल झिजतं. दोनचं अडीच सूत झालं की हवा दीडपटीहून जास्त लागते. ड्रिलचा मागचा दांडा घालून महिन्याला तपासा.

ॲल्युमिनियमचे पार्ट, पातळ पत्रा, ग्रिटऐवजी काचेचे बीड (बारीक गोळ्या), तीन-चार किलो दाब असं तुमचं काम असेल तर सक्शनच घ्या. स्वस्त पडतं, आणि पॉट भरायला थांबावं लागत नाही. जड स्टील ग्रिट मात्र ते नीट उचलत नाही.

पावसाळ्यात दोन्ही रडवतात, प्रेशर जास्त. हवेतल्या पाण्याने ग्रिटचे गोळे होतात आणि पॉटखालचा व्हॉल्व्ह चोंदतो. हवा सुकवणाऱ्या ड्रायरचे पैसे आधीच धरा.

सुरक्षिततेत खरा फरक पॉटचा आहे. काही मशीनमध्ये पेडल सोडलं की पॉटमधली हवा निघून जाते, काहींत दाब आत तसाच राहतो. चोंदलेला व्हॉल्व्ह मोकळा करायला पाना लावण्याआधी हवा बंद करा, पॉटची हवा सोडा, आणि गेज शून्यावर आलेलं डोळ्यांनी बघा. फुस्स आवाज थांबला एवढ्यावर विसंबू नका. होजच्या प्रत्येक जोडाला पिन आणि सेफ्टी वायर हवी. सुटलेला होज काठीसारखा फिरतो.

बाकी नियम दोन्हींना सारखे. दार उघडं असताना मशीन चालू होता कामा नये. काम संपल्यावर डस्ट कलेक्टर (धूळ ओढून साठवणारं यंत्र) मिनिटभर चालू ठेवून मगच दार उघडा. हातमोज्याला भोक दिसलं की मोजा बदला, चिकटपट्टी नको. लोखंड आणि ॲल्युमिनियमची धूळ एका कलेक्टरमध्ये साठू देऊ नका, पेट घेऊ शकते. नदीची वाळू तर अजिबात नको. तिच्या धुळीतल्या सिलिकाने सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होतो. ब्रिटनने कास्टिंग साफ करायला वाळू वापरणं 1949 मध्येच बंद केलं.

माझं मत: कॉम्प्रेसर 20 एचपीच्या आसपास असेल आणि रोज स्केल काढायचं असेल तर प्रेशर. नाहीतर सक्शन, आणि उरलेले पैसे ड्रायरला. जुना पॉट स्वस्तात मिळत असेल तर रंगावर जाऊ नका. हायड्रो टेस्टचा, म्हणजे पाणी भरून केलेल्या दाबाच्या चाचणीचा, कागद मागा. विकणारा टाळाटाळ करायला लागला की चहा पिऊन निघा.