समुद्र वखरणारं जहाज : ३० वर्षांच्या चाकरीनंतरचा निकाल

तारेला बांधलेल्या सुरुंगासाठी पक्कं, तळाशी दडलेल्यासाठी बेताचं. नौदलाच्या सोव्हिएत बनावटीच्या १२ सुरुंगनाशक जहाजांबद्दल आमचं मत एवढंच.

विहिरीतला सुरुंग लावला की शिट्टी होते, माणसं बाजूला होतात, बार उडतो. समुद्रातला वाट पाहत बसतो. लंगराच्या तारेवर तो पाण्यात अधांतरी असतो. जहाज मागे लांब तार ओढतं. एक फळी तिला बाजूला ताणते, दुसरी खाली दाबते, तरंगा खोली सांभाळतो. तारेवरच्या कातऱ्या लंगराची तार कापतात, सुरुंग वर येतो, मग तोफेने फोडायचा. काम थेट वखरणीचं. फेऱ्यावर फेरा थोडा चढवला नाही तर मधे पट्टा सुटतो. शेतात सुटलेलं गवत धुऱ्यावरून दिसतं. इथे प्रवाह तार सरकवतो आणि सुटलेलं काहीच दिसत नाही.

तळाचा सुरुंग जहाजाचं चुंबकत्व किंवा आवाज ओळखतो. त्याला फसवायला वीज सोडलेली केबल आणि आवाज करणारं यंत्र ओढतात. पण त्यात मोजणी बसवता येते : पहिली काही जहाजं जाऊ द्यायची, पुढच्यावर फुटायचं. एका फेऱ्यात वाट मोकळी धरली की घात झाला. फेरे पुन्हा पुन्हा मारावे लागतात, वेळ त्यातच जातो.

लांबी सुमारे ६१ मीटर, वेग १६ नॉट (ताशी सुमारे ३० किमी), सांगाडा कमी चुंबकीय पोलादाचा. पोलाद असूनही चुंबक धरत नाही म्हणजे काय, ते गिट्टी क्रशरच्या जबड्याला लोहचुंबक लावून बघा. त्या पोलादात १२ टक्क्यांच्या आसपास मँगनीज असतं. तुमसरकडच्या डोंगरी बुजुर्गला खणतात तेच. इंजिनाचं लोखंड मात्र उरतंच. त्याचं चुंबकत्व मारायला जहाजभर वीज खेळवलेल्या तारांची वेटोळी असतात, आणि जहाजाने दिशा बदलली की त्यांतला विजेचा प्रवाहही बदलावा लागतो. इथे हयगय झाली तर सांगाड्यावरचा खर्च वाया.

‘कारवार’ आणि ‘काकीनाडा’ ९ मे २०१७ला निवृत्त झाली, शेवटचं ‘कोझिकोड’ एप्रिल २०१९मध्ये. आता पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनी टिपणाऱ्या ‘सोनार’ यंत्राने शोधून, दूरनियंत्रित यंत्र पाठवून एकेक सुरुंग फोडण्याची पद्धत आहे, आणि तीच बरोबर. पण कोरियन मदतीने गोव्यात १२ नवी जहाजं बांधायची योजना २०१८मध्येच रद्द झाली होती. नवी जोडी दावणीला यायच्या आधीच जुनी बाजारात गेली.