मेडिकल स्कूलच्या आधीचं ‘एमएस’: अर्जापासून जानेवारीच्या ट्रान्सक्रिप्टपर्यंत

अमेरिकेत मेडिकलच्या आधी करतात त्या वर्षभराच्या मास्टर्स कोर्सला पाचपैकी साडेतीन तारे. एक तारा खर्चापायी कापला, आणि अर्धा यशाच्या त्या टक्केवारीपायी जी प्रत्येक कोर्सच्या माहितीपत्रकावर ठळक छापलेली असते. तिचा हिशोब खाली येईलच.

अमेरिकेत एमडी, डीओ (दोन्ही तिथल्या डॉक्टरकीच्या पदव्या) किंवा डेंटलला जाण्याआधी वर्षभराचा मास्टर्स करायची एक वाट आहे. कुठे तिचं नाव ‘मेडिकल सायन्सेस’, कुठे ‘बायोमेडिकल सायन्सेस’, कुठे ‘फिजिऑलॉजी’. बोलताना सगळे ‘एसएमपी’ म्हणतात, म्हणजे स्पेशल मास्टर्स प्रोग्रॅम. जॉर्जटाऊनचा कोर्स १९७५ पासूनचा. बॉस्टन युनिव्हर्सिटी, टफ्ट्स, ड्रेक्सेल, सिनसिनाटी, रटगर्स ही नेहमी कानावर येणारी इतर नावं. भारतातल्या काका-मामांना फोनवर ‘पोरगं एमएस करतंय’ एवढंच सांगू नका, तिकडे एमएस म्हणजे सर्जन. ही नुसती मास्टर ऑफ सायन्स आहे. हिच्यावर पेशंट तपासायचा कसलाही परवाना मिळत नाही.

हा अनुभव सप्टेंबरात अर्ज उघडला तेव्हापासून पुढच्या वर्षीच्या ऑगस्टला वर्ग सुरू होऊन त्यानंतरच्या जानेवारीत पहिल्या सेमिस्टरचे ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर (अधिकृत गुणपत्रकावर) उमटले तोवरचा आहे. सोळा-सतरा महिने धरा.

आधी गणित, मग अर्ज

सगळ्यात मोठा गैरसमज हा की एसएमपीने जीपीए, म्हणजे ग्रेडची चारपैकी सरासरी, वर येतो. एमडी कॉलेजांच्या सामायिक अर्जात, म्हणजे एएमकॅसमध्ये, ग्रॅज्युएट पातळीच्या विषयांचा जीपीए वेगळ्या ओळीत दाखवतात. अंडरग्रॅडच्या, म्हणजे पहिल्या पदवीच्या, आकड्याला तो शिवतसुद्धा नाही.

समजा १२० क्रेडिटना ३.१० आहे. म्हणजे १२० गुणिले ३.१०, ३७२ गुण. एसएमपीची ३० क्रेडिट ३.८ ने पार पडली, तरी एएमकॅसच्या अंडरग्रॅड रकान्यात ३.१० तो ३.१०च. हीच ३० क्रेडिट जवळच्या स्टेट युनिव्हर्सिटीत पदवीनंतर अंडरग्रॅड पातळीवर घेतली आणि सगळीकडे ए (म्हणजे ४) मिळवला, तर ३७२ अधिक १२० म्हणजे ४९२ भागिले १५०, ३.२८. हे स्वतः जुळवलेलं पोस्ट-बॅक, आणि खर्चही बहुतेक वेळा निम्म्याहून कमी. डीओचा एएकॉमास आणि डेंटलचा अ‍ॅडसास हे दोन अर्ज मात्र दोन्ही पातळ्या मिळवून एक एकूण जीपीएही काढतात. तिथे एसएमपीमुळे ३.१० चा ३.२४ होतो. तेव्हा कुठे अर्ज करायचा हे आधी ठरवा आणि कुठला कोर्स हे नंतर.

मग एमडीवाल्याने एसएमपी करायचंच कशाला? कारण दुसऱ्या ओळीलाही वाचक असतो. एमडीला प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए अलीकडे ३.७७-३.८ च्या घरात आणि एमकॅट, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा आकडा, ५११-५१२ च्या आसपास आहे. ३.१० वाल्याने कितीही अंडरग्रॅड क्रेडिट घेतली तरी ते ३.७७ काही दिसत नाही, कारण भागाकारात खाली १२० क्रेडिट आधीच बसलेली असतात. तेव्हा जुना आकडा तसाच ठेवून शेजारी मेडिकलच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास पेलून दाखवायचा, एवढाच एसएमपीचा उपयोग. बाजू मांडायची ही एकच संधी असते. इथे ३.३ आला तर जुन्या ३.१० वर शिक्कामोर्तब झालं समजा.

म्हणून ३.६ वाल्याला याची गरज नाही. त्याचं दुखणं बहुधा एमकॅट किंवा क्लिनिकल अनुभव हे असतं. ज्याची बायॉलॉजी, जनरल आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स पूर्ण नाहीत त्याला एसएमपीत जागाच नसते, त्याने साधं पोस्ट-बॅक करावं. आणि जीपीए कशाने घसरला होता हे ज्याला अजून एका वाक्यात सांगता येत नाही, त्याने वर्षभर थांबावं. आठवड्याला तीस तास नोकरी होती, आता नाही: हे कारण झालं. ‘मन लागत नव्हतं’ हे कारण नव्हे. ते मन ऑगस्टमध्ये सोबतच येतं.

अर्जाची खिटपिट

बरेच कोर्स पोस्टबॅक-कॅस या सामायिक अर्जातून घेतात, काही आपल्याच युनिव्हर्सिटीच्या ग्रॅज्युएट पोर्टलवरून. यादीतल्या प्रत्येक कोर्सच्या पानावर जाऊन हे पाहून घ्या. बहुतेक ठिकाणी येतील तसे अर्ज वाचतात, त्यामुळे ‘अंतिम तारीख १ जून’ लिहिलेलं असलं तरी ऑक्टोबर ते जानेवारीतला अर्ज आणि मे महिन्यातला अर्ज यांच्या वाट्याला सारख्या जागा येत नाहीत. स्कॉलरशिप असलीच तर तीही आधीच वाटून झालेली असते.

खरा वेळ जातो विषय भरण्यात. ट्रान्सक्रिप्टवरचा प्रत्येक विषय, त्याचा कोड, क्रेडिट, ग्रेड हाताने टाकायचं. चार वर्षांचे चाळीसेक विषय, त्यात लॅबची वेगळी ओळ, डब्ल्यू घेऊन सोडलेले विषय, एपीची (शाळेतच दिलेल्या कॉलेज-पातळीच्या परीक्षांची) क्रेडिट. एका बैठकीत होत नाही. दोन संध्याकाळी धरा. ट्रान्सक्रिप्ट पडद्यावर उघडून ओळीवर ओळ जुळवत जा, आठवणीतून एकही भरू नका.

सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते विसरलेल्या कॉलेजामुळे. अकरावी-बारावीत कम्युनिटी कॉलेजात घेतलेला ड्युअल एन्रोलमेंटचा एक विषय, किंवा उन्हाळ्यात घराजवळ उरकलेलं कॅलक्युलस. मोठ्या युनिव्हर्सिटीच्या ट्रान्सक्रिप्टवर ते ‘ट्रान्स्फर’ म्हणून दिसतं, म्हणून वाटतं झालं काम. होत नाही. मूळ कॉलेजाचं वेगळं ट्रान्सक्रिप्ट लागतंच, पुढे एएमकॅसलाही लागतं. ते नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही.

दुसरी चूक डिसेंबरातली. फॉलचे, म्हणजे डिसेंबरात संपणाऱ्या सेमिस्टरचे, ग्रेड रजिस्ट्रारकडे चढायच्या आधीच ट्रान्सक्रिप्ट मागवलं, तर चालू सेमिस्टर कोरं जातं, आणि मग पुन्हा पैसे भरून दुसरं. मागवताना ‘ग्रेड येईपर्यंत थांबवा’ असा पर्याय बहुतेक ठिकाणी असतो, त्यावर टिक करा.

भारतात बीएस्सी किंवा बीडीएस करून इकडे आलेल्यांसाठी: एसएमपीला वेससारख्या संस्थेकडून विषयवार मूल्यांकन लागतं, नुसतं ‘पदवी समकक्ष’ चालत नाही. पण एएमकॅस भारतातले मार्क तपासत नाही आणि त्यांचा जीपीएही काढत नाही. पुष्कळ एमडी कॉलेजं अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या कॉलेजातली ठरावीक क्रेडिट मागतात, कित्येक ठिकाणी ९०. एसएमपीच्या ३०-३६ क्रेडिटनी ती अट भागत नाही. हे डिपॉझिट भरल्यावर कळणारे दरवर्षी निघतात.

शिफारसपत्रं दोन किंवा तीन. एकदा प्राध्यापकाने चढवलं की बदलता येत नाही, त्यामुळे त्यांना नाव, कोर्स, तारीख नीट लिहून द्या. निबंधात घसरलेल्या जीपीएला एक परिच्छेद पुरे: काय झालं, काय बदललं, बदलल्यावरचे ग्रेड काय. उरलेल्या जागेत आजीच्या आजारपणाची गोष्ट सांगायचा मोह आवरा. ती मेडिकलच्या अर्जातही लागणार आहे, आणि वाचणाऱ्याने ती हजारदा वाचलेली असते.

एमकॅट आधी देऊन टाका. ४७२ ते ५२८ असा तो आकडा, साधारण निम्मे लोक ५०० च्या खाली. ही साडेसात तासांची बैठक एसएमपीच्या वर्षात घुसवली की दोन्हीकडचं बिघडतं. एका वर्षात तीनदा, दोन वर्षांत चारदा, आयुष्यात सातदा एवढीच मुभा आहे, त्यामुळे ‘एकदा देऊन बघू’ हा प्रकार नको.

मेडिकलचा अर्ज कधी

इथे प्रत्येक घरात वाद होतो. वर्ग ऑगस्ट २०२६ ला सुरू होणार असतील, तर एएमकॅस जून २०२६ ला भरायचा की जून २०२७ ला?

२०२६ ला भरला तर त्यात एसएमपीचा एकही ग्रेड नसतो. पडताळणी झाल्यावर एएमकॅस नवे ग्रेड घेत नाही. जानेवारीत ट्रान्सक्रिप्ट आलं की प्रत्येक कॉलेजाच्या पोर्टलवर स्वतः चढवावं लागतं. मुलाखती ऑगस्टपासून चालू झालेल्या असतात. थोडक्यात, जुन्या ३.१० वरच अर्ज वाचला गेला आणि वर्षाची फी भरून केलेलं काम उशिरा पोचलं. २०२७ ला भरला तर दोन्ही सेमिस्टर आत असतात, पण मेडिकलचा पहिला दिवस ऑगस्ट २०२८ वर जातो आणि मधल्या वर्षात नोकरी किंवा संशोधन शोधावं लागतं. माझा कौल दुसऱ्या बाजूला. अपवाद एकच: ‘अमुक जीपीए आणि तमुक एमकॅट मिळवला तर आमच्या मेडिकल स्कूलची मुलाखत नक्की’ असा लेखी करार असेल तर. हे आश्वासन पुष्कळदा त्याच वर्षी अर्ज केला तरच लागू असतं, आणि ती अट पानाच्या तळाशी असते. आणि मुलाखत नक्की म्हणजे सीट नक्की नव्हे.

वर्ग सुरू झाल्यावर

पहिली परीक्षा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येऊन ठेपते. अंडरग्रॅडमध्ये जेवढं सेमिस्टरभरात झालं तेवढं इथे एका ब्लॉकमध्ये. फिजिऑलॉजीत हृदयाचा भाग घ्या. प्रेशर-व्हॉल्यूम लूप (हृदयातला दाब आणि रक्ताचं आकारमान यांचा आलेख) पाठ करून चालत नाही. आफ्टरलोड वाढला तर लूप कुठल्या बाजूला अरुंद होतो, स्ट्रोक व्हॉल्यूमचं काय होतं, हे कोऱ्या कागदावर काढता यायला हवं. स्लाइड तीनदा वाचून ‘समजलं’ म्हणणारे पहिल्या परीक्षेत सरासरीच्या खाली जातात. त्याच संध्याकाळी लेक्चरवर पंधरा-वीस प्रश्न सोडवणारे वर असतात. इतका साधा फरक आहे.

काही कोर्समध्ये मेडिकलच्या विद्यार्थ्यांच्याच वर्गात बसवतात आणि त्यांच्या सरासरीशी तुलना करून ग्रेड देतात. काही ठिकाणी एसएमपीचा वर्ग वेगळा असतो. पहिला प्रकार कठीण, पण त्या ग्रेडला वजन जास्त. अर्ज करतानाच विचारा.

एक सी आला की जोखीम सुरू, दोन आले की बहुतेक ठिकाणी प्रोबेशन, म्हणजे ताकीद. त्यातून काढून टाकलं गेलं तर ते पुढच्या मेडिकलच्या अर्जात जाहीर करावं लागतं, लपवता येत नाही. म्हणून फीचा परतावा कुठल्या आठवड्यापर्यंत मिळतो ती तारीख पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर टाका. ती आणि पहिल्या परीक्षेचा निकाल यांच्यात बहुतेक ठिकाणी फारच थोडे दिवस असतात.

ती टक्केवारी

‘आमचे ८० टक्के विद्यार्थी मेडिकलला.’ कशाच्या ८०? समजा शंभर जणांनी सुरुवात केली, ऐंशींनी पूर्ण केलं, साठांनी सर्वेक्षणाला उत्तर दिलं, त्यांतल्या अठ्ठेचाळीसना प्रवेश मिळाला. ४८ भागिले ६० म्हणजे ८०. पण दारात पाऊल टाकलेल्याच्या दृष्टीने ४८. उदाहरण काल्पनिक आहे, पद्धत नाही. ईमेलने चार गोष्टी विचारा: सुरुवात किती जणांनी केली, त्यांतले किती मेडिकलला गेले, एमडी, डीओ आणि कॅरिबियन बेटांवरची मेडिकल कॉलेजं असे वेगवेगळे किती, आणि किती वर्षांत. तीन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर तेही उत्तरच.

पैसे आणि व्हिसा

फी तीस हजारांपासून साठ हजारांच्या वर, त्यात बॉस्टन-वॉशिंग्टनसारख्या शहराचं भाडं वेगळं. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद. ग्रॅज्युएट कोर्सला सरकारी कर्ज वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंतच. मेडिकलसारख्या प्रोफेशनल कोर्सची मर्यादा वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख, आणि एसएमपीसाठी उचललेलं कर्ज त्या दोन लाखांतूनच वजा होतं. म्हणजे आज घेतलेले २०,५०० मेडिकलच्या चौथ्या वर्षी कमी पडणार, आणि तिथे खासगी कर्जाला आई-वडिलांची सही लागणार.

न्यू जर्सी किंवा टेक्सासात वाढलेली आपली पुष्कळ मुलं एच-फोरवर (आई-वडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) असतात आणि एकविसाव्या वर्षी त्यातून बाहेर पडून एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर येतात. त्यांना सरकारी कर्ज नाहीच. त्यातला खास सापळा असा: एसएमपी एफ-वनवाल्यांना आनंदाने घेतो, पण त्याच आवारातलं मेडिकल स्कूल फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना घेतं. मग ‘मुलाखत नक्की’ हा करार तुमच्यापुरता कोरा कागद. एफ-वनवाल्यांना घेणारी एमडी कॉलेजं मोजकी, आणि त्यांतली काही एक ते चार वर्षांची फी आधीच खात्यात ठेवायला लावतात. ती यादी आधी काढा आणि एसएमपी तिच्यावरून निवडा.

आय-ट्वेंटीवर, म्हणजे व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते त्या कागदावर, कोर्सचा सीआयपी कोडही (अभ्यासविषयाचा सरकारी क्रमांक) बघून घ्या. २६ ने सुरू होत असेल तर कोर्स स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या सरकारी यादीत) मोडतो आणि ओपीटीला, म्हणजे शिक्षणानंतरच्या नोकरीच्या परवानगीला, मुदतवाढ मागता येते. ५१ ने सुरू होणारे बहुतेक कोड त्या यादीत नाहीत. मधलं वर्ष नोकरीत काढायचं असेल तर हे दोन आकडे कोर्सच्या नावापेक्षा महत्त्वाचे.