बेसलाइन कुठे ठेवावी: कोव्हेरिएटमध्ये की निष्पत्तीत?

दर व्हिजिटला हिमोग्लोबिन मोजलेली रँडमाइज्ड चाचणी (कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेली) असेल, तर नंतरच्या मापातून बेसलाइन, म्हणजे उपचाराआधीचं माप, वजा करून नुसत्या फरकावर गटांची तुलना करण्याचा पर्याय मी धरतच नाही. दोन्ही मापांचा विस्तार (व्हेरियन्स) सारखा आणि त्यांच्यातला सहसंबंध ०.५ असेल, तर फरक घेऊन शेवटच्या मापापेक्षा जास्त काही हाती लागत नाही. बेसलाइन कोव्हेरिएट म्हणून, म्हणजे मॉडेलमध्ये हिशेबात धरलेली जोडमाहिती म्हणून, घेतली की व्हेरियन्स पाव भागाने उतरतो. खरी निवड दोघांतली. एमएमआरएममध्ये (एकाच माणसाची वारंवार घेतलेली मापं एकत्र बसवणारं मिक्स्ड मॉडेल) बेसलाइन कोव्हेरिएट म्हणून घ्यायची, किंवा लियांग आणि झेगर यांनी २००० साली मांडलेली सीएलडीए (कन्स्ट्रेन्ड लाँजिट्यूडिनल डेटा अ‍ॅनालिसिस) वापरायची: बेसलाइनही निष्पत्तीतच, म्हणजे मोजायच्या परिणामांतलंच एक माप, फक्त दोन्ही गटांची सुरुवातीची सरासरी एकच धरायची.

सगळी मापं हजर असतील तर उत्तरांत फारसा फरक पडत नाही. पण नंदुरबारकडच्या सिकलसेलच्या (रक्ताचा आनुवंशिक आजार) कामात मापं हजर कुठे असतात? धडगावच्या पाड्यावरच्या एखाद्या बाईच्या रक्ताची ट्यूब चांदसैली घाट उतरून तपासणीसाठी धुळ्याला पोचेपर्यंत रक्तात गुठळी झालेली असायची. बेसलाइन गेली. ती बाई मात्र पुढच्या प्रत्येक तपासणीला डोंगर उतरून यायची, आणि एमएमआरएम तिच्या सगळ्या ओळी गाळून टाकायचं. आउटपुटमध्ये ‘न वापरलेल्या नोंदी’ एवढा आकडा काय तो वाढायचा. हे मला शेवटपर्यंत पटलं नाही. सीएलडीएत तिची पुढची मापं तशीच्या तशी कामी येतात. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या, बेसलाइनपुरत्याच उरलेल्या माणसाचाही थोडाफार उपयोग होतो.

रँडमाइज्ड चाचणीत हरवलेली बेसलाइन एकत्रित सरासरीने भरली तरी चालतं, हे खरं. तो मार्गही वाईट नाही. मात्र एमएमआरएम घेणार असाल तर बेसलाइन आणि व्हिजिटची आंतरक्रिया घालाच, म्हणजे बेसलाइनचा प्रभाव प्रत्येक व्हिजिटला वेगळा असू शकतो. सीएलडीएत सहप्रसरण (मापं एकमेकांबरोबर किती बदलतात ते) मोकळं ठेवलं की ते आपोआप सांभाळलं जातं.

सीएलडीएला दोन अटी आहेत. बेसलाइन पहिल्या डोसच्या आधीची हवी, आणि वाटप खरोखर रँडम हवं. नाहीतर सरासरी सारखी धरायला आधारच उरत नाही. प्रवेशासाठी हिमोग्लोबिनचा कडक कटऑफ असेल तर बेसलाइनचं वितरण एका बाजूने कापलं जातं, आणि सीएलडीए तर बेसलाइनही निष्पत्ती म्हणून नॉर्मल वितरणाची धरते. अशा वेळी मी अजूनही एमएमआरएमकडे वळतो. एरवी विश्लेषण योजनेत पहिली सीएलडीए लिहितो, एमएमआरएम पडताळणीला.